मशेरीचा वैशाख

वैशाख लागला की आमच्या ठाण्याच्या चाळीत दुपारी तीनच्या सुमारास तो वास येतो. आधी गोडसर, करपलेल्या गुळासारखा. मग घशाला खाजवणारा. आणि शेवटी नुसता काळा. वासाला रंग असतो की नाही ते मला माहीत नाही, पण या वासाला आहे. शेजारच्या काकू चुलीवर लोखंडी तवा ठेवून तंबाखू भाजत असतात. आगोट जवळ आली, पावसाळ्याची बेगमी करायची. पापड झाले, कुरडया झाल्या, मिरच्या कुटून झाल्या, आता वर्षाची मशेरी. भाजलेली पानं खलबत्त्यात पडतात, ठक ठक सुरू होतं, आणि चाळभर लोक शिंकतात. मी खिडकी लावून घेतो. आत भट्टी होते, तरी लावतो.

“आता वासावरसुद्धा रागावणार का?” बायको विचारते.

हो, रागावणार. माणसावर रागावून पाहिलं, कचेरीवर रागावून पाहिलं, काही झालं नाही. वास निदान आपल्या घरात येतो तरी.

यंदा त्या वासाबरोबर एक लखोटा आला. जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीचा. सहा वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या खाडीकाठच्या आमच्या गावात मुखतपासणीची एक योजना झाली होती, आणि त्या हंगामापुरता मी तिचा प्रचारक होतो. आता आणखी तीन गावांनी ती योजना मागितली आहे. कचेरीला ती द्यायची नाही. नाही म्हणायला कारण लागतं, आणि ते कारण त्यांना फायलीत आयतं सापडलं आहे. “महिलावर्गाच्या अडाणीपणामुळे व लाजाळूपणामुळे सहकार्य मिळू शकले नाही.” खाली विचारणा अशी की सदर अभिप्राय आजही कायम असल्याचे सहीनिशी कळवावे.

वाक्य माझं आहे. अक्षरही माझंच असणार, फायलीत. मला ते तेव्हा फार आवडलं होतं.

शेजारचे काका त्याच कचेरीत मोठे कारकून आहेत. लखोटा आला त्या संध्याकाळी ते बनियनवर गॅलरीत उभे होते. “सही करून टाका, मास्तर,” ते म्हणाले. “खाजणातल्या बायका त्या. त्यांना काय कळतंय तब्येतीचं?” त्यांच्या मागे, त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, खलबत्ता ठक ठक चालला होता. काकू मराठी सातवी पास आहेत, वर्तमानपत्र वाचतात, आणि दिवसातून चार वेळा तर्जनीवर ती काळी पूड घेऊन हिरड्यांना घासतात. मी काकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांना खलबत्ता ऐकू येत नव्हता. आपल्या घरातला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मला तरी कुठं आला होता?

आमचं घर मिठाचं. आजा मिठागरात, बाप मिठागरात, आईच्या डोक्यावर मिठाच्या पाटीनं पडलेलं टक्कल. सही करणारा घरातला मी पहिला, आणि मॅट्रिक झालो तेव्हा गावातलाही पहिला. कॉलेज मुंबईला. सकाळच्या गाडीला खाजणातून, भरतीच्या चिखलातून चालत यायचं, चपला हातात, स्टेशनच्या नळावर पाय धुऊन मग घालायच्या. बी. ए. झालो तेव्हा बापानं कल्याणहून रंगारी आणला आणि दारावर माझं नाव लिहून घेतलं, मागे ‘बी. ए.’; अक्षरं पिवळी, कडा लाल. बापाला वाचता येत नव्हतं, पण रंगारी गेल्यावर तो बराच वेळ दारासमोर उभा होता. त्या पदवीची मला आजही लाज नाही. ती मी चिखलातून चालत जाऊन आणली आहे. गावात तेव्हापासून मला नावानं कोणी हाक मारली नाही. ‘बीये’ म्हणतात. बीये आला, बीये जेवला का, बीयेला विचारा पंचांग.

योजनेची मूळ गोष्ट खाडीपलीकडची. तिथल्या गावात एका डॉक्टरीणबाईंनी दोन हंगाम काम केलं. तंबाखूनं गालाच्या आत पांढरा चट्टा पडतो, तो दुखत नाही, म्हणून कोणी बघत नाही, आणि पुढं कधीतरी त्याचा कॅन्सर होतो. डॉक्टर लोकांना हे नवीन नव्हतं. मुंबईच्या इस्पितळांत ते रोज तेच कापत होते. बाईंनी वेगळं एवढंच केलं की कापायची वेळ यायच्या आधी गावात जाऊन बसल्या.

हंगाम सुरू व्हायच्या आधी मला त्यांनी होडीतून तिकडे नेऊन दाखवलं. सकाळची सातची वेळ. मिठागराच्या वाटेवर विहीर. बायका पाट्या घेऊन तिथं थांबतात, कमरेची डबी काढतात, मशेरी लावतात, थुंकतात, चूळ भरतात आणि कामाला जातात. विहिरीच्या दगडावर गावची सुईण बसली होती. हातात फुटक्या आरशाचा तुकडा. कोवळं ऊन त्या तुकड्यावर घ्यायचं आणि बाईच्या तोंडात टाकायचं. “आ कर गो. जीब वर. आता गाल बगू.” झालं. पुढची.

सुईण तिथं कोणाला काही बोलत नसे. पण गावाची मशेरी भाजायची तीच, दर पंधरवड्याला थोडी थोडी. ती पद्धत आमच्या खाडीकाठच्या गावांतली जुनीच आहे. खापर एकीचं, हात एकीचा, कारण कच्ची राहिली तर चक्कर येते आणि जळाली तर तिचा जोर उतरतो. जिच्या तोंडात चट्टा दिसला तिच्या वाट्यात सुईण तंबाखू थोडा कमी घाली आणि भाताचा जळका तूस थोडा जास्त. तसं ती घरी जाऊन बाईला सांगेही, पण हळू, एकटीला. “तुजी येगली भाजलीय. बोंब मारू नको.” पुढच्या वेळी आणखी कमी. हंगाम संपेपर्यंत डबीत नुसता तूस आणि मीठ. बोट तेच, डबी तीच, सकाळ तीच. पुष्कळ जणींचे चट्टे मावळले. ज्यांचे कडक होते त्यांना बाई स्वतः मुंबईला घेऊन गेल्या.

परतीच्या होडीत बाई मला म्हणाल्या, “तुमच्या गावात तुम्ही फक्त लिहायचं. तोंडात बघायचं नाही. बघेल सुईण.”

“पण मी ग्रॅज्युएट आहे,” मी म्हणालो. खरंच असंच म्हणालो.

“म्हणूनच लिहा म्हणते. अहो, तिच्यापुढं त्या बायकांनी आणखी काय काय उघडं केलंय, तोंडाचं काय घेऊन बसलात?”

मी लाजलो आणि पाण्याकडे बघत बसलो.

मग बाईंची बदली झाली, लांब, घाटावर. योजना कचेरीत गेली आणि मंजूर होऊन परत आली. आता मी रागानं लिहितो आहे तर सांगतो, त्या मंजुरीत सगळं होतं. बॅटऱ्या होत्या, कार्डं होती, शिक्के होते, रंगीत चित्रं होती. सुईण नव्हती. तिच्या जागी एक ओळ होती: तपासणीचे काम निरक्षर व्यक्तीकडे सोपविता येत नसल्याने त्या जागी पदवीधर नेमावा. विहीर नव्हती, कारण विहीर ही सरकारी जागा नव्हे. चावडी होती. सकाळचे सात नव्हते, दहा ते पाच होते. खापर तर कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एखाद्यानं मासळीची आमटी आवडली म्हणून कृती लिहून न्यावी, आणि घरी जाऊन मासळी तेवढी वगळावी, तसं. वर म्हणावं, चव काही येत नाही बुवा.

आणि तो पदवीधर मी. एवढ्या मोठ्या चुकीवर माझ्या नावाचा हुकूम होता आणि मी तो चौकटीत घालून भिंतीला लावला.

उद्घाटनाला साहेब आले. चावडीला आंब्याचे टाळे, गुलाल, पाटलांचं भाषण. साहेब बोलले ते शुद्ध, ऐकत राहावं असं. बायका लांब, पिंपळाच्या पलीकडे उभ्या. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, “आता तुमच्याच गावचा सुशिक्षित तरुण तुम्हाला मिळाला आहे.” बापानं त्या दिवशी धुतलेला फेटा बांधला होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी चावडीत टेबल मांडून बसलो. भिंतीवर ते चित्र लावलं, सडलेल्या जबड्याचं, तांबडं-पिवळं. दहा वाजता आमच्या गावात बाई नसते. ती सकाळपासूनच मिठागरात असते, दुपारी घरी येते, चार घास खाते आणि पुन्हा पाटी उचलते. हे मला माहीत नव्हतं का? मी त्याच घरात वाढलो. आईला दहा वाजता घरी बसलेली मी तिच्या आजारपणातसुद्धा पाहिली नव्हती. पण हुकुमात दहा लिहिलं होतं, आणि लिहिलेल्यावर माझा तेव्हा फार विश्वास होता.

तिसऱ्या दिवशी पारूआय आली. आमच्या गावची सुईण, मला आणि माझ्या भावाला हिनंच बाहेर काढलं. काळी, उंच, चालताना गुडघा धरणारी. ती दारात उभी राहिली आणि पदरानं चित्राची बाजू झाकून आत आली.

“बीये, हे आदी काड.”

“का? ते बघून लोक सावध होतात.”

“पोटुशी बाय या वाटेनं जायाची बंद झाली. असलं बगून पोर कसं व्हईल? पान्याला लांबून फेरा घालतान त्या.”

“पारूआय, चित्र बघून पोराला काही होत नाही.”

“नसंल व्हत. त्यांना सांग ना तू. तुज्यापुडं यायाच्या नायत, मंग सांगशील कोनाला?” ती खाली बसली, टेबलावरची बॅटरी उचलून लावली. लागली नाही. खाऱ्या हवेनं दोनच दिवसांत तिच्या आत हिरवं चढलं होतं. पारूआयनं ती कानाशी हलवली आणि हसली. “ही तुजी डॉक्टरीन का?” मग तिनं चोळीतून आरशाचा तुकडा काढला. खाडीपलीकडच्या सुईणीकडून तिला सगळं कळलं होतं, त्या दोघी मावसबहिणी. “मी बगते तोंडं. तू लिव. खापर बी माज्याच घरात हाय.”

मी तिला काय म्हणालो ते मला शब्दाशब्दानं आठवतं. “आये, हे शास्त्राचं काम आहे.”

ती रागावली नाही. उठताना गुडघ्यावर हात दाबून म्हणाली, “बरं. मंग शास्त्रानं घरापासून सुरुवात कर. तुज्या घरात मंजुला तिखट खात नाय. कवापासून, ते इचार.”

मंजुळा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, गोपीची बायको. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि मी तिचा चेहरा पाहिला नव्हता. जेठापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, तोंड दाखवायचं नाही ही आमच्याकडची रीत. मी घरात आलो की पदर नाकाच्या खाली, दातांत धरलेला. मी बाहेरच्या खोलीत असेन तर ती आत. बोलायचं झालंच तर भिंतीशी, नाहीतर आईशी. “आये, पानी ठेवलंय म्हनावं.” तिचे पाय मी ओळखत होतो, बांगड्या ओळखत होतो. तिचा आवाज आडून आला की ओळखत होतो. बाकी एक लुगडं घरात हिंडे.

पण जेवण बाहेरून दिसतं. त्या रात्रीपासून मी बघायला लागलो आणि पारूआयचं खरं निघालं. आम्ही सुकटीची चटणी खात होतो आणि ती, आमचं झाल्यावर, कोपऱ्यात पाठ करून, भाकरी पाण्यात कुस्करून गिळत होती. चहा गार करून पीत होती. एका बाजूनं चावत होती, कारण डोक्यावरचा पदर एकाच बाजूला हलत होता. मी हे सगळं पाहिलं. मला कळलं. आणि मी काय केलं, तर गोपीला अंगणात बोलावलं.

“तिला उद्या चावडीत पाठव.”

“कोनाला?”

“मंजुळेला. तपासणीला.”

गोपी हसायला लागला. “दादा, शिकून तुझं डोकं फिरलं का रे? ती तुज्यापुडं आ करेल? आये तिला घरात घील परत?”

“मग मी पारूआयला...” मी म्हणायला गेलो आणि थांबलो. पारूआयला मी चार दिवसांपूर्वी शास्त्र शिकवलं होतं. आता कोणत्या तोंडानं तिच्या ओट्यावर जाणार? पदवीधर माणसानं सुईणीकडे जाऊन म्हणायचं, बाई, माझं चुकलं, आरसा घे. शंभर पावलांवर तिचं घर होतं. मी गेलो नाही. याहून खरं कारण माझ्याकडे नाही, आणि मी सहा वर्षं शोधतो आहे.

आईला विचारून पाहिलं. आई ओटीवर डबी उघडून बसली होती. “आये, तू तरी सोड ही मशेरी.”

“नाय लावली त पोट साफ व्हत नाय बाला. आनि भूक मरते. तुला काय म्हाईत, दोन पाट्या जास्ती जातात.”

भूक मरते. हे वाक्य त्या चित्रात नव्हतं, कार्डावर नव्हतं, साहेबांच्या भाषणात तर नव्हतंच. रिकाम्या पोटी उन्हात मीठ वाहणाऱ्या बाईला ही पूड जेवणाच्या जागी लागते, आणि आम्ही तिला सांगायला निघालो होतो की दात खराब होतात. खाडीपलीकडच्या सुईणीला ते ठाऊक होतं. ती हंगामभर एकेका बाईच्या घरी जाऊन पेजेचा डेचका उघडून बघे, असं मला फार नंतर कळलं. योजनेचा तोही भाग होता. तो तर लिहायचा राहून गेला, कारण लिहिणारा कोणी तिथं नव्हता.

वैशाख असा गेला. मिठाचे ढीग वाढत होते, पांढरे, डोळ्यांना टोचणारे, आणि मी चावडीत बसून रकाने भरत होतो. गावातल्या प्रत्येक बाईचं नाव मला यादीत चढवायचं होतं आणि समोर शेरा द्यायचा होता. पाटलांच्या दोन म्हाताऱ्या आल्या, त्यांना दात नव्हते, पण कचेरीचा माणूस बोलावतो म्हणून आल्या. बाकी सगळ्यांपुढं मी एकच शब्द लिहिला. गैरहजर. सुंदर अक्षरात, एकाखाली एक. आमच्या घराचा क्रमांक आला. आई, गैरहजर. मंजुळा, गैरहजर. ते मी घरी बसून लिहीत होतो. भिंतीच्या पलीकडे तिच्या बांगड्या वाजत होत्या, ती भांडी घासत होती. मधे कुडाची भिंत, कुडाला फटी, आणि मी लिहिलं, गैरहजर.

अहवालाला साहेब खूष झाले. “तुमची भाषा छान आहे,” म्हणाले, “त्या ‘लाजाळूपणा’मुळे वाक्याला वजन आलंय.” मला शाळेत नोकरी लागायला त्यांचं पत्र उपयोगी पडलं. मी ठाण्याला आलो, बिऱ्हाड केलं, मास्तर झालो.

दोन वर्षांनी गोपी शाळेत आला. वर्गाच्या दारात उभा. “तिला मुंबईला न्यायची हाय,” एवढंच म्हणाला. कॅन्सर गालातून बाहेर फुटला होता. इस्पितळात त्यांनी डाव्या बाजूचा जबडा काढला, गाल ओढून शिवला. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता, त्यानं इंग्रजीत मला विचारलं, पांढरा डाग पहिल्यांदा केव्हा दिसला? मला इंग्रजी येतं. म्हणूनच मला नेलं होतं. मी म्हणालो, कुणी पाहिला नाही. डॉक्टर म्हणाला, त्या वेळी कुणी नुसता आरसा धरला असता तरी चाललं असतं. तो सहज म्हणाला. त्याला काय माहीत.

मंजुळा वाचली. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगतो आणि त्याचं श्रेय घ्यायला मन तयार होतं न होतं तोच राग येतो. वाचली ती तिच्या काटकपणानं. आणि गावातल्या ज्या दोघी त्या मधल्या वर्षांत याच दुखण्यानं गेल्या, त्यांची नावंही माझ्याच अक्षरात त्या यादीत आहेत. आता त्या खऱ्याच गैरहजर आहेत.

लखोटा घेऊन मी रविवारी गावी गेलो. सही तिथंच करायची असं का ठरवलं ते सांगता येत नाही. इतकं खरं की चाळीत, त्या खलबत्त्याच्या आवाजात, करवेना. सकाळी खाजणाच्या बांधावरून येताना लांबून विहीर दिसली. विहिरीवर बायका होत्या. आणि एक उजेडाचा ठिपका इकडून तिकडे उडत होता.

पारूआय दगडावर बसली होती. डोळे गेलेत आता तिचे, निम्मे. म्हणून आरसा तिच्या हातात नव्हता. आरसा धरून मंजुळा उभी होती. बांधाच्या बाजूनं पदर ओढलेला, एक हात उंच, उन्हाचा कवडसा समोरच्या पोरीच्या गालात टाकत. पोरगी माघारी सरकली तसं पारूआय म्हणाली, “भितेस कनाला? हिच्याकडं बग आनि आ कर.” पोरीनं बघितलं. आ केला.

कचेरीचा हुकूम नाही, शिक्का नाही, बॅटरी नाही. मंजुळा इस्पितळातून आली त्या हंगामापासून चाललं आहे म्हणे. खापरावर तूस भाजतात. सगळी गल्ली ऐकत नाही. आमची आई अजून तंबाखूचीच लावते आणि म्हणते, माजं आता काय ऱ्हायलंय. पण पुष्कळ जणींच्या डब्या बदलल्या आहेत. ज्या तीन गावांनी योजना मागितली, त्या गावांत इथल्या माहेरवाशिणी आहेत. त्यांना डॉक्टर हवा आहे, कडक चट्टा निघाला तर पुढं नेणारा. तेवढंच कचेरीनं द्यायचं आहे. बाकी सगळं त्यांच्याकडे आहे.

मला बघून बायका बाजूला सरकल्या. मंजुळेनं पाठ फिरवली.

“ये बीये,” पारूआय म्हणाली. “कागूद आलाय म्हनं तुला.”

“तुला कोणी सांगितलं?”

“तुज्या बायकूनं गोपीला सांगितलं, गोपीनं सगल्या गावाला. वाच.”

मी वाचून दाखवलं. ते वाक्यही वाचलं. अडाणीपणामुळे व लाजाळूपणामुळे. एका बाईनं पोहरा आत सोडला, तो आपटल्याचा आवाज आला.

“हे तू लिवलंस?”

“हो.”

“चांगलं लिवलंस,” पारूआय म्हणाली. “कटीन शब्द हाईत.”

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी लखोटा खिशात घातला आणि परत फिरायला लागलो, तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. तो आवाज मी ओळखतो. वळलो.

मंजुळा समोर आली होती, पाच पावलांवर. गोपीशी लग्न होऊन दहा वर्षं झाली, इतक्या जवळ ती कधी उभी राहिली नव्हती. तिनं पदर हातात घेतला आणि खाली केला. सगळ्या बायकांसमोर, जेठासमोर, भर उन्हात. डावीकडचा गाल आत गेलेला, ओठ कानाकडे ओढलेला, शिवणीची रेघ चकाकणारी. मग तिनं आरसा तिरपा धरला, कवडसा स्वतःच्या तोंडावर घेतला आणि आ केला.

मी बघितलं. माझं काम होतं ते. सहा वर्षांपूर्वी दहा ते पाच या वेळात करायचं होतं. मी नीट, सगळं बघितलं, नजर न काढता, ती तोंड मिटेपर्यंत.

तिनं पदर परत घेतला नाही. शब्द तिला धड काढता येत नाहीत, ओठ जुळत नाहीत, तरी कळलं.

“आता लिवा, भावजी.”

विहिरीच्या काठावर बसून लिहिलं. कठीण शब्द एकही नाही. “मागील अभिप्राय माझा होता व तो खोटा होता. या गावातील बायका हजर होत्या. तपासायला जो माणूस नेमला तो चुकीचा होता. तो माणूस मी. ज्या गावांनी योजना मागितली आहे तिथं सुईण नेमावी, सकाळी सातला, विहिरीवर, आणि मुंबईपर्यंत पोचवणारा डॉक्टर द्यावा. पदवीधर पाठवू नये.”

खाली सही केली. मागे बी. ए. लिहिलं, कारण कचेरी त्याशिवाय वाचत नाही.